निसर्ग वादळानंतरचे श्रीवर्धन : पोफळी, माणसे आणि सातबारा

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीचे सदस्य आणि उपस्थित मंडळी,

जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळाला यंदा पाच वर्षे होत आहेत, तेव्हा त्या भागात जाऊन तिथल्या माणसांना भेटून आलेल्या कोणीतरी मेळाव्यात बोलावे, असे कार्यकारिणीने सुचवले आणि माझे माहेर श्रीवर्धन तालुक्यातले असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. जानेवारीत मी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर असे करत बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली, वेसवीला उतरले आणि पुढे केळशी-आंजर्ल्यापर्यंत जाऊन आले. आज जे सांगणार आहे ते त्या भेटींतून हाती आलेले आहे.

आपण अमेरिकेतल्या ज्या मिसुरी-कॅन्ससच्या पट्ट्यात राहतो, तिथे वादळ म्हटले की भोंगा वाजतो, माणसे तळघरात उतरतात आणि थोड्या वेळाने वर येऊन काय उरले ते पाहतात. २२ मे २०११ रोजी जॉप्लिन शहरात टॉर्नेडोने सुमारे १६० माणसांचा बळी घेतला, तेही तासाभराच्या आत. कोकणातले वादळ या जातीचे नव्हते. ते समुद्रात जन्मले, त्याची वर्दी दोन दिवस आधी आली आणि ते एखाद्या गल्लीवरून न जाता आख्ख्या तालुक्यांवरून गेले. १ जून २०२० ला अरबी समुद्रात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा २ जूनला चक्रीवादळ झाला आणि ३ जूनच्या दुपारी, साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह त्याने अलिबागच्या दक्षिणेकडे किनारा ओलांडला. अरबी समुद्रातली वादळे बहुधा ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात. २००९ च्या नोव्हेंबरातले फयान सोडले, तर असे वादळ थेट दारात आल्याची आठवण मला भेटलेल्या वयस्कर माणसांनाही नव्हती. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यामुळे हजारो लोकांना शाळांमध्ये आणि पक्क्या इमारतींमध्ये हलवता आले आणि त्यामुळेच जीवितहानी मर्यादित राहिली. हे श्रेय हवामान खात्याला आणि त्या दिवशी गावोगाव फिरलेल्या तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आपत्ती दलाच्या जवानांना मनापासून दिले पाहिजे.

माणसे वाचली म्हणून बाहेरच्या जगासाठी ती बातमी आठवड्याभरात संपली. करोनाची टाळेबंदी चालू होती आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे होते. परंतु ज्यांच्या घरावरची कौले गेली, त्यांच्यासाठी पंचांग थांबणार नव्हते. ५ जूनला वटपौर्णिमा होती, ७ जूनला मृग लागणार होता. म्हणजे छप्पर उडाल्यावर पाऊस चारच दिवसांवर उभा होता, शहरातली दुकाने बंद होती आणि पत्रे, ताडपत्र्या, कौले मिळणे मुश्किल झाले होते. मुंबईतले चाकरमानी टाळेबंदीत गावी परतलेले असल्यामुळे घरे भरलेली होती, हे एका अर्थी ओझे होते आणि एका अर्थी आधारही होता.

श्रीवर्धनमधले एक काका, वय सत्तरीच्या पुढचे, त्या दुपारविषयी फार बोलले नाहीत. सकाळपासून वारा वाढत होता, दुपारी त्याने दिशा बदलली आणि जी घरे पहिल्या वाऱ्यात तगली होती त्यांची दुसऱ्या बाजूची कौले उचलली गेली, एवढेच त्यांनी सांगितले. घरातली सगळी माणसे माजघरात बसून होती. ते बोलले ते रात्रीविषयी. आढ्यावर काही उरले नव्हते, पाऊस सरळ घरात पडत होता, कणगीतले भात भिजले होते आणि ट्रंकेतली कागदपत्रे लगदा होऊ नयेत म्हणून त्यांच्या सुनेने ती पातेल्यात घालून वर ताट झाकून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ऊन पडले तेव्हा सातबारा, बँकेचे पासबुक आणि मुलांच्या गुणपत्रिका त्यांनी दोरीवर कपड्यांसारख्या वाळत घातल्या. घराचे विचारले तेव्हा ते म्हणाले, “घर काय, सहा महिन्यांत उभं राहिलं. पोफळ तिच्या वेळेनंच येणार. तिला घाई नाही करता येत.”

पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. हे वाक्य मला त्यानंतर प्रत्येक वाडीत वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळाले आणि आज मला मुख्यतः त्याविषयीच बोलायचे आहे. पाच वर्षांनी त्या रस्त्याने जाणाऱ्या पर्यटकाला नवे पत्रे, नवे रंग, भरलेली निवासस्थाने दिसतात आणि सारे पूर्ववत झाले असे वाटते. तसे ते झालेले नाही. मात्र ते समजण्यासाठी वाडीत शिरावे लागते.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनमध्येच आहे आणि तिथल्या सुपारीच्या जातीला ‘श्रीवर्धनी’ हे नाव आहे. आपल्यापैकी ज्यांचे बालपण देशावर गेले त्यांच्यासाठी सांगते, वाडी म्हणजे एका पिकाचे शेत नव्हे. उंच माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी, पोफळीच्या सावलीत जायफळ, मधल्या जागेत केळी, आणि या सगळ्यांना एकाच विहिरीचे पाणी, अशी ती मांडणी असते. प्रत्येक झाड दुसऱ्याच्या सावलीवर किंवा खोडावर विसंबलेले असते. पोफळीला फांद्या नसतात, तिला एकच शेंडा असतो आणि तो मोडला की झाड संपले. आंब्याची फांदी मोडली तर बाजूने पालवी फुटण्याची आशा असते. माडाला आणि पोफळीला ती नसते. त्या दुपारी पोफळी मधोमध मोडल्या, मोडताना त्यांनी शेजारच्या पोफळी आणि मिरीचे वेल खाली आणले, आणि जी जायफळे उभी राहिली ती डोक्यावरची सावली गेल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात करपली.

आता नव्या लागवडीचा हिशेब पाहा. आधी पडलेली झाडे काढायची. करवती नाहीत, मजूर नाहीत, पावसाळा सुरू झालेला, विहिरीत झावळ्या आणि खोडे पडलेली, अशा स्थितीत कित्येक वाड्या साफ होण्यातच पहिले वर्ष गेले. माडाची खोडे कुजत पडली की त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि तो उभ्या माडाचा शेंडा पोखरतो, म्हणजे वादळात वाचलेले झाडही धोक्यात येते. मग रोपे हवीत. चांगल्या जुन्या झाडांवरची पिकलेली फळे निवडून लावली, तर लागवडीजोगे रोप व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. आणि ज्या गावातली चांगली जुनी झाडेच पडली, तिथे बियाणे बाहेरून आणावे लागते. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावून सावली उभी करायची. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी पहिले पीक. २०२२ च्या पावसाळ्यात ज्यांनी रोपे लावली, त्यांच्या हाती २०२७-२८ च्या सुमारास सुपारी पडेल. जुन्या उंच जातीच्या माडालाही निदान तितका काळ लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेले आणि त्याच्या वाऱ्यात काहींची उरलीसुरली झाडेही गेली.

साठीच्या माणसाने लावलेल्या पोफळीचे भर उत्पन्न त्याच्या मुलाने घ्यायचे, ही रीत पूर्वीही होती. पण त्या मुलाने मधली सात-आठ वर्षे गावात राहून काय खायचे, हा प्रश्न पूर्वी नव्हता, कारण जुनी झाडे चालू असत. मला भेटलेल्या घरांपैकी अनेकांतला कर्ता मुलगा आता मुंबईला किंवा पुण्याला आहे. काहींनी वाडीच्या पुढच्या भागात पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत आणि त्यांना मी दोष देणार नाही. मात्र एकदा सिमेंट पडले की त्या जागी पोफळ परत येत नाही, हेही खरे आहे.

जीवना बंदरावर मी थोडाच वेळ होते. तिथे होड्यांचे नुकसान झाले, जाळी गेली; पण मासेमारी पुन्हा सुरू झाली आहे आणि तिथल्या बायकांनी मला वादळापेक्षा डिझेलचे भाव आणि मासळी कमी मिळण्याविषयी अधिक सांगितले. विजेचेही तसेच. खांब मोडून पडल्यामुळे काही गावे महिनाभराहून अधिक काळ अंधारात होती आणि राज्याच्या दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या लाइनमननी भर पावसात काम करून ती उजळली. त्यांची आठवण लोक अजून काढतात.

आता मी त्या विषयाकडे येते, ज्याचा संबंध थेट या सभागृहाशी आहे. शासनाने बागायतीची भरपाई हेक्टरी अठरा हजारांवरून पन्नास हजार रुपये केली, हे पाऊल चांगले होते. परंतु कोकणातली वाडी गुंठ्यांची असते आणि तिची किंमत झाडांत मोजली जाते, म्हणून भरपाई झाडागणिक हवी अशी मागणी झाली आणि पुढे नारळ-पोफळीसाठी ती तशी मान्यही झाली. इतके होऊनही दिवेआगरच्या बाजूला भेटलेल्या एका वहिनींना त्यांच्या वाट्याचे पैसे मिळायला फार उशीर झाला. त्यांचे यजमान वारलेले आहेत आणि वाडी त्या एकट्या पाहतात. पंचनामा वेळेवर झाला, पडलेली झाडे मोजली गेली. अडले ते सातबाऱ्यावर. त्यावर आजेसासऱ्यांच्या वारसांची नावे सामाईक आहेत, त्यांतले काही हयात नाहीत आणि त्यांच्या मुलांची वारसनोंद झालेली नाही, काही मुंबईत आहेत, एक जण परदेशात आहे. सामाईक खात्याचे पैसे एकीच्या बँक खात्यात जमा व्हायचे तर इतरांची लेखी संमती लागते. टाळेबंदीत ती गोळा कशी करायची? वहिनी कोणावर रागावलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “झाडं माझ्या डोळ्यांसमोर पडली, ताई. पण कागदावर मी त्यांची कोणीच नव्हते.”

अशी घरे मला जवळजवळ प्रत्येक गावात आढळली आणि माझे ठाम मत आहे की वाऱ्याने केलेल्या नुकसानीत ही भर आपण, म्हणजे गाव सोडून गेलेल्यांनी, घातलेली आहे. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. वडील गेले, वारसनोंद राहून गेली; भावाभावांत वाटप करायचे होते, पण सगळे एकत्र कधी आलेच नाहीत. जमीन कसणारा एक आणि कागदावर पंधरा, ही स्थिती सुकाळात खपून जाते. आपत्तीत मात्र कसणारा उघडा पडतो.

इथे विशेषतः भगिनींशी बोलते. २००५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला आहे आणि माहेरच्या सातबाऱ्यावर आपली नावे लागतात. त्यामुळे अशी अडचण निघाली की ‘हक्कसोड करून द्या’ हा सोपा उपाय सुचवला जातो. तो स्वीकारण्याचे कारण नाही. भरपाईपुरती संमती देणे आणि हक्क सोडणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वाडी पाहणाऱ्या भावाला, वहिनीला किंवा चुलतभावाला पंचनाम्यावर सही करता यावी, अनुदानासाठी अर्ज करता यावा आणि ते पैसे त्यांच्या खात्यात घेता यावेत, एवढ्यापुरते मर्यादित मुखत्यारपत्र करता येते. त्यात विक्रीचा अधिकार नाही असे स्पष्ट लिहावे. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे, नाहीतर ऐन वेळी ते निरुपयोगी ठरते. वारसनोंद राहिली असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन तलाठ्याकडे अर्ज करता येतो आणि फेरफार मंजूर झाला की सातबारा दुरुस्त होतो. ही सारी कामे शांत दिवसांत करण्याची आहेत.

दुसरा मुद्दा मदतीचा. २०२० मध्ये आपल्या मंडळाने आणि इतर अनेक मंडळांनी तातडीने निधी पाठवला आणि पत्रे, ताडपत्र्या, धान्य त्यातून गेले. त्या लोकांनी त्याबद्दल माझ्यापाशी कृतज्ञता व्यक्त केली, ती मी आपल्यापर्यंत पोहोचवते. पण पोफळीची गरज पहिल्या महिन्यात संपत नाही. बागायतदारांनी मला जे मागितले ते असे होते : खात्रीच्या झाडांपासून केलेली रोपे, ती लावल्यापासून फळ धरेपर्यंत शिंपण्याचा आणि खताचा खर्च भागेल अशी दरवर्षी येणारी लहान रक्कम, आणि उंच झाडावर चढून काढणी करणारी माणसे तयार करणारे प्रशिक्षण, कारण ते कसब असलेले लोकही आता मोजकेच उरले आहेत. एकरकमी मोठी देणगी त्यांच्यापैकी कोणी मागितली नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझा प्रस्ताव आहे की आपत्ती निधीतला ठरावीक भाग आपण दरवर्षी, पहिले पीक येईपर्यंत, श्रीवर्धन आणि दापोली तालुक्यांतल्या लहान वाड्यांसाठी राखून ठेवावा. रोपांची निवड कृषी विद्यापीठाच्या केंद्राच्या सल्ल्याने व्हावी आणि प्राधान्य अशा घरांना मिळावे, जिथे वाडी एकटी बाई किंवा वृद्ध माणसे सांभाळत आहेत. त्याच्याच जोडीला, मुखत्यारपत्राचा नमुना मराठीत तयार करून मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवावा आणि सभासदांपैकी जे वकील आहेत त्यांनी तो तपासून द्यावा. ज्यांची नावे कोकणातल्या सातबाऱ्यावर आहेत, त्यांनी आजच्या जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नोंद करावी. गावातल्या कोणाशी बोलायचे आणि कोणते कागद आधी जमवायचे, हे मी प्रत्येकाला बसून सांगेन.