दाराला अडकवलेली बातमी

(दृश्य: सकाळ, साडेसातची वेळ. एका जपानी घराचं दार. मुठीला प्लास्टिकची पिशवी लटकतीये.)

ही पिशवी नीट बघून घ्या. आत क्लिपबोर्ड आहे, त्याला पाच-सहा कागद लावलेत आणि सगळ्यात वर गल्लीतल्या घरांची यादी, त्यात खालून तिसरं आडनाव आमचं. कागद वाचायचे, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा नाहीतर सही करायची आणि पिशवी नेऊन पुढच्या घराच्या दाराला अडकवायची, बस्स. ह्याला काइरानबान म्हणतात, म्हणजे फिरती पाटी. मोबाईल आहे, वायफाय आहे, शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन आहे, सगळं आहे, पण आमच्या गल्लीची बातमी अजून अशीच येते, ह्या घरातून त्या घरात, चालत.

मी चिंचवडची. २०१६ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी इथे हमामात्सुला आले. तोक्यो आणि ओसाका ह्यांच्या साधारण मधे, शिझुओका प्रांतात हे शहर आहे, एका बाजूला हामाना सरोवर आणि दक्षिणेला थेट पॅसिफिक महासागर. सुझुकी इथली, यामाहा इथली, होंडाची सुरुवातही इथलीच. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली ना, तिचं जपानमधलं माहेर म्हणजे हे गाव. २०२४ च्या डिसेंबरात सुझुकी कंपनीचे माजी प्रमुख ओसामु सुझुकी गेले तेव्हा इथल्या पेपरात आणि आमच्या चिंचवडच्या फॅमिली ग्रुपवर एकच बातमी होती, आणि पुढच्याच महिन्यात भारत सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं. माझ्या सासऱ्यांची पहिली गाडी मारुती ८०० होती, त्यांनी त्या दिवशी तिचा जुना फोटो शोधून काढून ग्रुपवर टाकला होता.

पण गल्लीची बातमी वेगळी असते. ती ग्रुपवर येत नाही.

(दृश्य: कोपऱ्यावरची कचऱ्याची जागा. निळी जाळी, खाली पिशव्या, तारेवर दोन कावळे.)

पहिली दोन वर्षं मी काइरानबान वाचतच नव्हते. वाचता येत नव्हतं, कांजी अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग वाटायची, म्हणून पिशवी आली की पटकन सही करायची आणि पुढच्या दाराला लावून टाकायची. वाटायचं सही केली की आपलं काम झालं. आणि मग एका सकाळी कचऱ्याच्या जागी गाडी येऊन गेली, सगळ्यांच्या पिशव्या गेल्या, आमची एकटी तिथेच, तिच्यावर एक स्टिकर चिकटवलेला. जाळीखालच्या त्या एकाच पिशवीकडे बघून मला रडूच आलं होतं, खरं सांगते. कचरा उचलायच्या दिवसात काहीतरी बदल झाला होता, तो कागद माझ्या हातातून गेला होता, त्याच्यावर माझी सहीसुद्धा होती.

शेजारच्या आजी बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या, डोक्याला ऊन लागू नये म्हणून कापडाची टोपी. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवी स्वतः उचलून माझ्या दारापर्यंत घेऊन आल्या, आणि मग घरात जाऊन मागच्या महिन्याचा कागद आणला. बोटानं एकेक ओळ दाखवत वाचायला लागल्या. मला कळत नाहीये हे दिसलं की तेच सोप्या शब्दात परत. मग परत. त्या दिवसापासून काइरानबान त्यांच्याकडे आलं की त्या ते माझ्या दाराला अडकवायच्या नाहीत, बेल वाजवायच्या. दहा मिनिटं पायरीवर बसायचं, त्या वाचणार, मी ऐकणार. माझी जपानी शाळा ती पायरी होती.

काय असतं त्या कागदात असं विचाराल तर वाचायला अगदी साध्या गोष्टी असतात. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून नाल्याची सफाई, शाळेचा स्पोर्ट्स डे, ज्येष्ठांची तपासणी, पाण्याची पाइप बदलणार म्हणून रस्ता बंद. जुनं कपाट, गादी असलं मोठं सामान टाकायचं असेल तर आधी फोन करून नोंदवायचं, त्याला इथे रेनराकु गोमी म्हणतात, म्हणजे फोन करून टाकायचा कचरा. आणि वर्षातून एकदा तरी एक नकाशा, पूर आला तर कुठे, समुद्र आला तर कुठे.

(दृश्य: ब्राझिलियन सुपरमार्केट. काळ्या राजम्याची पोती, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या.)

आणि असं वाचता न येणारी मी एकटी नव्हते. हमामात्सुत साधारण ३० हजार परदेशी राहतात आणि जपानमधल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त ब्राझिलियन लोक इथे आहेत. १९९० मध्ये जपाननं कायदा बदलला, ज्यांचे आजी-आजोबा जपानी अशा लोकांना येऊन काम करायची मोकळीक दिली, म्हणून साव पावलोहून विमानं भरून माणसं आली आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली. २००८ च्या सुमाराला त्यांची संख्या जवळजवळ २० हजार होती. मग मंदी आली, कारखान्यांनी सगळ्यात आधी ह्यांनाच घरी बसवलं, आणि सरकारनं माणशी ३ लाख येन आणि घरच्या प्रत्येकाला २ लाख येन देऊ केले, तिकिटासाठी, पण घेतले तर त्याच व्हिसावर परत यायचं नाही म्हणून. कितीतरी लोक गेले. मला हे ऐकून अजून वाईट वाटतं, कारण ज्यांची पोरं इथे शाळेत होती, पोर्तुगीज धड येत नव्हती, त्यांना परत जा म्हणणं म्हणजे काय.

जे राहिले त्यांच्यामुळे माझं स्वयंपाकघर चालतं. कोथिंबीर त्यांच्याकडे, मिरची त्यांच्याकडे, पेरूची मिठाई त्यांच्याकडे. पहिल्या आषाढीला साबुदाणा कुठेच मिळेना म्हणून हिरमुसून बसले होते, तर त्या दुकानाच्या खालच्या फळीवर एक पाकीट, वर लिहिलेलं सागू, आत पांढरेशुभ्र मोती. ब्राझीलमध्ये ते वाइनमध्ये शिजवून गोड करतात. आपल्या साबुदाण्यापेक्षा जरा टपोरे असतात, भिजायला वेळ घेतात, पण शेंगदाण्याचं कूट आणि जिऱ्याची फोडणी पडली की खिचडी ती खिचडीच. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं ह्याचं काय करता, मी मोडक्या जपानीत सांगितलं, मीठ-मिरची म्हटल्यावर त्यांचे डोळे असे मोठे झाले की बस.

(दृश्य: मे महिना. नाकाताजिमाच्या वाळूच्या टेकड्या. आभाळभर पतंग. बिगुलांचा आवाज.)

आता हा भाग माझ्या सगळ्यात जवळचा. २०१९ चा मार्च असेल, आजींनी बेल वाजवली, काइरानबानमधला एक कागद वेगळा काढून हातात ठेवला आणि म्हणाल्या, हा तुमच्यासाठी आहे. दरवर्षी ३ ते ५ मे हमामात्सु मात्सुरी म्हणजे गावाचा उत्सव असतो, शंभरावर मोहल्ले आपापला पतंग घेऊन समुद्रकाठी येतात, प्रत्येकाचं चिन्ह वेगळं. आणि ज्या घरात पहिलं मूल जन्मलं असेल त्याच्यासाठी मोहल्ला पतंग उडवतो, त्याला हात्सुदाको म्हणतात, पहिला पतंग. आमची लेक ऑक्टोबरात झाली होती. कागदावर लिहिलं होतं की ज्यांच्याकडे बाळ झालंय त्यांनी नाव नोंदवा. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर सही करून पुढे पाठवला असता.

पतंगाच्या एका कोपऱ्यात घराण्याचं चिन्ह काढतात, कामोन. मोहल्ल्याच्या काकांनी विचारलं, तुमचं कामोन काय? आमच्याकडे असलं काही नसतं. रात्री व्हिडिओ कॉल लावला, सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, अगं तुळस काढायला सांग, त्यात विचार कसला करायचा. मोबाईलवरचा फोटो बघून त्या काकांनी ब्रशनं तुळशीची मंजिरी काढली, खाली लेकीचं नाव काताकाना लिपीत. अडीचेक मीटरचा पतंग, बांबू आणि कागद, त्याला तागाची दोरखंडासारखी जाड दोरी. संक्रांतीला गच्चीवर काटाकाटी केलेली मी, मला वाटलं पतंग म्हणजे एकानं उडवायचा आणि एकानं चक्री धरायची. इथे वीस जण दोरी धरून वाळूत पळत होते. वाऱ्यानं उचलला, एकदा तिरका झाला, सगळ्यांनी श्वास धरला, आणि मग चढला. दोनच दिवस आधी नव्या सम्राटांचं रेइवा हे युग सुरू झालं होतं, सगळीकडे तोच विषय, पण मी फक्त वर बघत होते, पॅसिफिकच्या वर आमची तुळस. आजी माझ्या शेजारी उभ्या, बाळाचे कान बिगुलाच्या आवाजानं दुखू नयेत म्हणून दोन्ही हातांनी झाकलेले.

पुढच्या वर्षी कोरोनामुळे मात्सुरी झालीच नाही.

(दृश्य: पाऊस. खांबावरचे भोंगे.)

२०२२ च्या सप्टेंबरात १५ नंबरचं वादळ आलं. शिझुओका शहरात शिमिझु भागात साधारण ६३ हजार घरांचं पाणी बंद झालं. तेव्हाच मोबाईलवर फोटो फिरायला लागले, अख्खं शहर वरून पाण्याखाली गेलेलं, चिंचवडहूनही फोन आले की तुम्ही वाचलात ना. ते फोटो खोटे होते, कॉम्प्युटरनं बनवलेले, टाकणाऱ्यानं नंतर कबूलही केलं. पण ज्याला जपानी बातमी वाचता येत नाही त्याच्यापर्यंत फोटो आधी पोचतो आणि खुलासा पोचतच नाही. आमच्या ओळखीतली एक नेपाळी मुलगी रात्रभर बॅग भरून दाराशी बसून होती.

खांबावरच्या भोंग्यातून सरकारी सूचना येतात, त्याला इथे दोहो मुसेन म्हणतात. एका भोंग्याचा आवाज दुसऱ्यावर आपटून घुमतो, शब्द अर्धे हवेत जातात. आणि शब्दही असे. आपल्याकडे बघा, सखल भागातील रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे, हे वाक्य घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात शिरायला किती वेळ लागतो? त्यापेक्षा वर पळा. दोन शब्द. जपानीत तसंच, ताकादाई नी हिनान शिते कुदासाई, उंच भूभागावर स्थलांतर करा, हे न कळणाऱ्याला ताकाई तोकोरो नी निगेते कुदासाई, उंच जागी पळा, हे कळतं.

हे सोपं बोलणं सुचलं ते कोबेनंतर. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे कोबेला भूकंप झाला, ६,४३४ माणसं गेली. वाचलेल्या परदेशी लोकांना पाणी कुठे मिळतं, रात्री कुठे झोपायचं हेच कळेना, कारण सगळं अवघड जपानीत. तिथल्या नागाता भागात कोरियन आणि व्हिएतनामी लोकांसाठी छोटी रेडिओ केंद्रं सुरू झाली, पुढे तीच एकत्र होऊन एफएम वायवाय झालं. आणि हिरोसाकी युनिव्हर्सिटीतले काझुयुकी सातो आणि त्यांचे सहकारी कामाला लागले, संकटात कळेल अशी सोपी जपानी तयार करायला. तिला यासाशी निहोंगो म्हणतात. यासाशी म्हणजे सोपी, आणि अक्षर बदललं की यासाशी म्हणजे मायाळू.

१ जानेवारी २०२४, दुपारी ४ वाजून १० मिनिटं. आमच्याकडे छताचा दिवा हलायला लागला, टीव्ही लावला तर नोतो द्वीपकल्पात भूकंप आणि त्सुनामीचा इशारा. निवेदिका एरवीच्या शांत आवाजात बोलत नव्हती, ओरडत होती, इमा सुगु निगेरु कोतो, आत्ताच्या आत्ता पळा. पडद्यावर लहान मुलांनाही वाचता येईल अशी मोठी अक्षरं. माझी पाच वर्षांची लेक मोठ्यानं वाचत होती, नि-गे-ते. नोतो आमच्यापासून लांब आहे, तरी ती मला दाराकडे ओढत होती.

आणि मग त्याच वर्षी ८ ऑगस्टला क्युशूजवळ भूकंप झाला आणि संध्याकाळी आमच्या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी असलेल्या नानकाई खंदकाच्या मोठ्या भूकंपाची पहिलीवहिली सावधगिरीची सूचना निघाली, आठवडाभर सावध रहा म्हणून. आमच्या स्टेशनातून जाणाऱ्या शिनकान्सेनसुद्धा हळू धावत होत्या. दुकानातून पाणी गेलं, तांदूळ तर आधीच मिळत नव्हता. आमच्या किनाऱ्यावर त्सुनामी अडवायला साडेसतरा किलोमीटर लांब बांध आहे, इथल्याच एका बांधकाम कंपनीनं त्यासाठी ३ हजार कोटी येन दिले आणि तो २०२० मध्ये पूर्ण झाला, त्यामुळे बरंच पाणी अडेल म्हणतात. पण पळायचं तर आहेच.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. क्लिपबोर्ड. पेन्सिल.)

त्या संध्याकाळी शेजारच्या घरात नवीन आलेलं ब्राझिलियन कुटुंब होतं, बाई, तिची म्हातारी आई आणि दोन मुलं. बाई माझ्या दाराशी आली, मोबाईलमधलं भाषांतर दाखवत, त्यात लिहिलेलं होतं विशाल पृथ्वी लक्ष. तिला काहीच बोध होत नव्हता. मी नकाशा काढला, तोच, काइरानबानमधला, आणि शाळेची गच्ची दाखवली. ताकाई तोकोरो. कोको. उंच जागा, ही. तिनं आईला पोर्तुगीजमध्ये सांगितलं, मग मुलांना, मग परत मला विचारलं, गच्चीचं दार रात्री उघडं असतं का? हा प्रश्न मला आठ वर्षांत पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जाऊन विचारून आलो. बाहेरच्या बाजूनं जिना आहे, रात्रीही चढता येतो.

आजी आता मुलाकडे नागोयाला राहतात. यादीत आमच्या वरचं नाव बदललंय.

काइरानबान आलं की मी आता आधी टेबलावर पसरते. अवघड शब्दाच्या शेजारी पेन्सिलीनं हिरागाना ह्या सोप्या लिपीत सोपा शब्द लिहिते, लेक माझ्या चुका काढते, हा शब्द असा नाही लिहीत आई. ह्या वेळच्या कागदात लिहिलंय की रविवारी सकाळी शाळेत ड्रिल आहे, येताना बूट घालून या, चपला नकोत. चपलेचं चित्र काढून त्यावर फुली मारली.

आमच्या नावापुढे सही. मग पिशवी घेऊन शेजारच्या दाराशी. मुठीला अडकवत नाही, बेल वाजवते.