सांगोल्याचे आबासाहेब आणि १९२ मतं

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे सांगोल्याचे आमदार भाई गणपतराव देशमुख यांच्याबद्दल. ते ३० जुलै २०२१ रोजी गेले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. पण आमच्या पिढीच्या तोंडून 'माजी आमदार' असं काही निघत नाही. सांगोल्याचे आमदार म्हटलं की तेच.

आधी आकडे सांगतो, म्हणजे मग मोकळेपणानं गप्पा मारता येतील. सोलापूर जिल्हा, सांगोला तालुका, पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. पहिल्यांदा निवडून आले १९६२ मध्ये. मग १९६७. १९७२ ला पडले. १९७४ ला पोटनिवडणूक लागली, तीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा पडले. मग १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा बघू बोटांवर. अकरा विजय झाले. आणि पराभव दोन. पुन्हा सांगतो, अकरा विजय आणि दोन पराभव. २०१९ ला ते उभेच राहिले नाहीत, तेव्हा वय त्र्याण्णव होतं. सभागृहातल्या वर्षांची बेरीज केली तर पन्नाशीच्या पुढे जाते.

या अकरा विजयांचं कौतुक करताना काही मंडळी थेट देशाचा विक्रम, जगाचा विक्रम असं सुरू करतात. तसं नाही हो. तामिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, मतदारसंघ बदलत बदलत. केरळात के. एम. मणी तेरा वेळा, तेही एकट्या पाला मतदारसंघातून. आपल्याकडे हल्ली कशालाही विक्रम म्हणायची सवय लागली आहे. परवा कुठल्याशा सोसायटीच्या गणपतीत 'विक्रमी मोदक' असा फलक पाहिला. बरं, तो विषय वेगळा.

गणपतरावांची खरी गंमत मला त्या दोन पराभवांत दिसते. त्यातही दुसऱ्यात, १९९५ च्या. आणि ती गोष्ट मला सांगोल्यात नाही, इथे आपल्या मुंबईत कळली. झवेरी बाजारात.

झवेरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत गलाईचे गाळे आहेत, तुम्हाला माहीत असेलच. जुने दागिने, घडवताना पडलेला चुरा, सगळं आटवून त्यातून शुद्ध सोनं काढायचं, हे ते काम. विटा, खानापूर, आटपाडी, त्या सगळ्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या धंद्यात देशभर पसरली. आमच्या चाळीत तळमजल्याला असे एक गृहस्थ राहायचे. सांगोला तालुक्यातले. सगळी चाळ त्यांना नाना म्हणायची. नानांची बोटं तेजाबानं कायमची पिवळी झालेली, आणि भुवया भट्टीच्या आचेनं निम्म्या गेलेल्या. त्यामुळे ते नेहमी जरा आश्चर्य वाटल्यासारखे दिसायचे.

तर १९९५ चा फेब्रुवारी. विधानसभेचं मतदान तोंडावर आलेलं. नाना दर निवडणुकीला गावी जायचे, एसटीनं. त्या वर्षी लग्नसराईचं काम तुंबलं होतं. शेठ म्हणाला, आठवडाभर कोणी हलायचं नाही. नानांनी तिकिटं काढलेली होती, स्वतःचं आणि गाळ्यातल्या चार पोरांचं. ती त्यांनी परत केली. पोरं कुरकुरली. त्यातल्या एकानं विचारलं, नाना, आबांचं काय? तिकडे गणपतरावांना आबासाहेब म्हणतात. नाना म्हणाले, "आबा पडत्यात व्हय? वीस वरसं झाली, हातात हात घालून माणसं मताला जात्यात. माझ्या एका मतानं काय व्हनार हाय?" आणि चिमट्यात मूस धरून परत भट्टीकडे वळले.

मतदान झालं. निकाल मार्चमध्ये होता. तेव्हा मतदान यंत्रं नव्हती बरं का, कागदी मतपत्रिका. गठ्ठे बांधायचे, मोजायचे, हरकती घ्यायच्या, पुन्हा मोजायचे. सगळा दिवस जायचा त्यात. मला विचाराल तर निकाल ऐकण्यातच मजा होती. बातम्या देणारा सावकाश मतदारसंघाचं नाव घ्यायचा, मग उमेदवाराचं, आणि त्या दोहोंच्या मधल्या क्षणात चाळीतली भांडीसुद्धा वाजायची थांबायची. आता पडद्यावर चार चौकटी, आठ आकडे, आणि सगळे एकदम ओरडणार. कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी पेपरातच कळतं. असो.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गावाहून फोन आला. नानांना बोलावणं आलं. नाना गेले, ऐकलं, आणि फोनवरच म्हणाले, "एकशे ब्याण्णव? का एकोणीस हजार दोनशे? नीट बघून सांग." पलीकडच्यानं नीट बघून सांगितलं. एकशे ब्याण्णव. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले होते, गणपतराव देशमुख १९२ मतांनी पडले होते. श्रोतेहो, एकशे ब्याण्णव. अख्ख्या तालुक्यात.

नाना घरी आले नाहीत. सरळ गाळ्यावर गेले. कोळसा उचलला आणि भट्टीमागच्या भिंतीवर हा मोठा आकडा लिहिला, १९२. आणि मग त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते ऐका. ते म्हणाले, मुंबईत आपल्या तालुक्यातली किती माणसं मताला गेली नाहीत, ती मोजायची. घेतला वहीचा कागद आणि निघाले. धनजी स्ट्रीट, विठ्ठलवाडी, काळबादेवी. मग मशीद बंदरचे माथाडी. मग लालबागला गिरण्यांतून कमी झालेली माणसं. रोज गाळा बंद झाला की नाना कागद घेऊन बाहेर. गेला होतास का मताला? नाही? नाव लिही. यादी वाढायला लागली. शंभरी ओलांडली. नानांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. आमच्या आईला म्हणाले, "वैनी, आबांना आमीच पाडलं. हितं बसून पाडलं."

मग एके रात्री मशीद बंदरला एक गडी भेटला. नानांनी विचारलं, गेला होतास का? तो म्हणाला, न्हाई. नानांनी पेन्सिल ओली केली, नाव लिहायला लागले. तो म्हणाला, "नाना, कशाचं लिवताय?" नानांनी सांगितलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "आवं, मी बापूंचा मानूस. मी गेलो असतो तर एकशे त्र्याण्णव झालं असतं!"

श्रोतेहो, नाना तिथेच फुटपाथवर बसले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. सांगोल्याचा माणूस म्हणजे आबांचा माणूस, असंच ते धरून चालले होते. आता सगळी यादी पुन्हा तपासणं आलं. पुन्हा धनजी स्ट्रीट, पुन्हा काळबादेवी, पुन्हा लालबाग. आता प्रश्न दुसरा, मत कुणाला दिलं असतंस? लोक चिडायला लागले. एक जण म्हणाला, मत गुप्त असतंय, तुला कशाला सांगू? त्याच्यासमोर नानांनी फुली आणि बरोबर दोन्ही खुणा केल्या. शेवटी बेरीज-वजाबाकी करून आबांच्या पारड्यात पंधरा-वीस मतं जास्त निघाली. म्हणजे मुंबईची सगळी माणसं गेली असती तरी आबा पडलेच असते. आम्ही म्हटलं, नाना, झालं ना समाधान? नाना म्हणाले, "ही मुंबईची झाली. पुन्याची कुनी मोजली?"

भिंतीवरचा आकडा त्यांनी पुसू दिला नाही. दिवाळीत गाळ्याला चुना लावला तेव्हा तेवढी चौकट सोडून लावला.

१९९९ च्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका एकदम आल्या. नानांनी या खेपेला सुट्टं तिकीट काढलंच नाही. त्यांनी एसटी महामंडळाकडे प्रासंगिक करारानं अख्खी गाडी ठरवली, वरातीला ठरवतात तशी. भाडं सगळ्यांनी वर्गणी काढून भरलं. हे मुद्दाम सांगतो, कारण उमेदवारानं किंवा त्याच्या माणसानं मतदारांना ने-आण करायला गाडी दिली तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं तो भ्रष्ट आचार ठरतो, निवडणूक रद्द होऊ शकते. स्वतःच्या पैशानं गेलात तर कोणाच्या बापाची भीती नाही. तर गाडी ठरली, पण चार-पाच जागा रिकाम्या राहिल्या आणि वर्गणी कमी पडायला लागली. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी मशीद बंदरला गेले आणि त्या बापूंच्या माणसाला म्हणाले, येतोस का? तो आला. येताना आपल्यासारखेच आणखी चौघे घेऊन आला. भाडं भरलं, हिशेब जुळला. खंडाळ्याचा घाट, पुणे, भिगवणला चहा. रात्रभर गाडीत दोन्ही बाजूंच्या घोषणा. पहाटे गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हा सगळ्यांचे आवाज बसले होते.

गणपतराव निवडून आले. नाना परत आले आणि आठ दिवस कोणालाही नमस्कार करताना डावं बोट वर करून करायचे. तेजाबानं पिवळं पडलेलं बोट आणि नखावर काळ्या शाईची रेघ. त्या वर्षी सरकारात मंत्रीही झाले गणपतराव, विलासराव देशमुखांच्या. त्याआधी १९७८ ला शरद पवारांच्या सरकारात झाले होते. नाना मात्र मंत्रिपदाचं फारसं काही बोलले नाहीत. त्यांना फक्त भिंत पुसायची होती. ती त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली.

आता ही गोष्ट सांगण्यात माझी निम्मी वेळ गेली, आणि काचेपलीकडून मला बोटं दाखवताहेत. तेव्हा बाकीचं भराभर.

शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शंकरराव मोरे, केशवराव जेधे या मंडळींनी काँग्रेसबाहेर पडून काढलेला पक्ष. लाल बावटा. एके काळी राज्यात मोठा विरोधी पक्ष होता, पुढे आटत आटत रायगड आणि सांगोला एवढाच उरला. गणपतरावांनी पक्ष बदलला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर किती जण इकडून तिकडे गेले. आपल्या या स्टुडिओच्या शेजारीच आकाशवाणी आमदार निवास आहे. २०२५ मध्ये तिथल्या कँटीनच्या डाळीवरून एका आमदारानं कर्मचाऱ्याला मारलं आणि ते नाव गाजलं, हे दुर्दैव. एसटीत आमदारांसाठी जागा राखीव असते, गाडीत पाटी लावलेली असते. त्या जागेवर आमदार बसलेला तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? गणपतराव बसायचे. हल्ली 'आमदार' ही अक्षरं फक्त त्यांच्या स्वतःच्या गाड्यांच्या काचांवर दिसतात, स्टिकर म्हणून.

काम काय केलं म्हणाल तर पाणी. सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांना द्या, यासाठी वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, वर्षानुवर्षं. टेंभू, म्हैसाळ ही योजनांची नावं तुम्ही ऐकली असतील, त्यामागे हा रेटा आहे. सांगोल्यात सूतगिरणी काढली आणि ती चालवली. सहकारातली सूतगिरणी चालवणं म्हणजे काय, हे सोलापूरकरांना विचारा. आणि डाळिंब. सांगोल्याचं डाळिंब आपल्या दादरच्या मंडईत येतं. त्याच्या दाण्यांवर चाट मसाला भुरभुरणाऱ्यांना मी घरात घेत नाही. आधी तसंच खाऊन बघा.

२०१४ ला वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते अकराव्यांदा निवडून आले. समोर शिवसेनेकडून तेच शहाजीबापू होते, आणि या वेळी फरक चांगला होता. २०१९ ला नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून पडले. किती मतांनी? ७६८. पुन्हा सांगतो, सातशे अडुसष्ट. हेच शहाजीबापू पुढे जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणाले आणि साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. सांगोल्याला ते १९९५ पासूनच माहीत होते.

नाना आता गावी असतात. ७६८ चा निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना फोन केला, म्हटलं, यादी करायची का? म्हणाले, "तुझं मत कुठं हाय ते आधी सांग." माझं मत गिरगावात, सांगोल्याशी त्याचा काय संबंध? पण त्यांना तेवढं विचारायचंच होतं.

२०२४ ला दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, शेकापकडून उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू होतेच. बाबासाहेब जिंकले, आणि आजच्या विधानसभेत शेकापचे ते एकटेच आमदार आहेत.

नमस्कार.