सतरा नंबरचा फॉर्म

(शिकागो परिसरातल्या आपल्या मंडळाच्या महाराष्ट्र दिन मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित. वक्ते इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवतात.)

नमस्कार मंडळी.

माझ्यानंतर जेवण आहे आणि पुरणपोळीचा वास आत्तापासूनच येतोय. काळजी नको, मला उपाशी श्रोत्यांची सवय आहे. माझे विद्यार्थी दिवसभर राबून संध्याकाळी सहाला वर्गात येतात, आणि त्यांच्या पुढ्यात मी अपूर्णांक वाढतो.

कार्यकारिणीनं मला विषय दिला होता ‘प्रौढांचं शिक्षण आणि व्यावसायिक प्रगती’. त्यावर मी रीतसर स्लाइड्स केल्या होत्या, बाणबिण काढून. पण गेल्या रविवारी आमच्या घरी जे वाजलं, त्यानंतर त्या स्लाइड्स माझ्याच्यानं बघवेनात. त्यामुळे आज नुसतंच बोलतो.

आमचा धाकटा यंदा सीनियर, म्हणजे बारावीला. एका चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, नाव तुम्हाला ठाऊक आहे, कारण हिनं ते ग्रुपवर टाकलं आणि तुम्ही सगळ्यांनी पेढे मागितलेत. डिपॉझिट भरायची शेवटची तारीख १ मे. आपण इथे महाराष्ट्र दिन साजरा करतो आणि अमेरिकेतले बारावीचे आईबाप त्याच दिवसाकडे डोळे लावून बसलेले असतात. तर रविवारी जेवताना हा म्हणाला, “बाबा, मी पहिली दोन वर्षं तुझ्या कॉलेजात करतो. मग ट्रान्स्फर घेतो. पैसे वाचतील.”

मी म्हणालो, “अजिबात नाही.”

माझ्या तोंडून ते इतक्या पटकन गेलं की हिच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. पोरगा शांत. माझ्यावर गेलेला नाही तो. म्हणाला, “तू तुझ्या स्टुडंट्सना जे सांगतोस, ते खरं आहे की नाही, एवढंच सांग.”

आता मी काय सांगतो, तेही तुम्हाला सांगायला हवं. इलिनॉयमध्ये आर्टिक्युलेशन इनिशिएटिव्ह नावाची व्यवस्था आहे. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे आमच्यासारख्या स्थानिक, स्वस्त, दोन वर्षांच्या कॉलेजात केलेले जनरल एज्युकेशनचे विषय त्यात सहभागी असलेल्या विद्यापीठात धरले जातात. हे मी दर ऑगस्टला फळ्यावर चौकोन काढून समजावतो. त्या दिवशी पोरानं तेच चौकोन माझ्या पुढ्यात, पेपर नॅपकिनवर काढून दाखवले. माझ्यापेक्षा सुबक.

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती, ती मीच सांगून बसलो. या देशातलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज आपल्या अंगणात, जोलिएटला आहे. १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. आणि ते सुरू करण्यात कोण होतं? तिथल्या हायस्कूलच्या प्रमुखांबरोबर युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. ज्या विद्यापीठाचा स्वेटशर्ट घालून आपण डोंबिवलीला जातो, त्याचे अध्यक्ष. पोरगा म्हणाला, “मग प्रॉब्लेम काय आहे?”

प्रॉब्लेम सांगता येईना. वर्गाचं मात्र सांगता येईल.

मी या धंद्यात आलो तो सॉफ्टवेअरमधून बाहेर पडल्यावर. ‘बाहेर पडलो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. दार त्यांनी उघडलं होतं. मग गणितात मास्टर्स केलं आणि अ‍ॅडजंक्ट झालो. अ‍ॅडजंक्ट म्हणजे आपल्याकडचे सीएचबीवाले. तासाला पैसे, सत्राला नेमणूक, खुर्ची कुणाची रिकामी असेल ती. आणि शिकवायला लागलो ते कराडच्या आमच्या प्राध्यापकांसारखा: तोंड फळ्याकडे, पाठ वर्गाकडे, आणि ‘हे तर उघडच आहे’ असं म्हणत तीन पायऱ्या गाळायच्या. मध्यंतरानंतर निम्मा वर्ग परत यायचा नाही. मला वाटायचं, यांना शिकायचंच नाही.

मला शिकवलं एका ड्रायवॉल, म्हणजे भिंतीच्या तयार शीट बसवणाऱ्यानं. वय पन्नाशीच्या आसपास, गुडघे गेलेले, म्हणून कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या कोर्सला आलेला. त्याआधी गणिताचा पूर्वतयारीचा वर्ग करणं भाग होतं. मी फळ्यावर लिहिलं: पाच छेद आठ अधिक एक छेद दोन. त्यानं वहीत उत्तर काढलं, सहा छेद दहा. वरचे वरच्यांत, खालचे खालच्यांत. मी लाल पेन काढणार तेवढ्यात सहज विचारलं, भिंतीवर अर्ध्या इंचाची शीट आहे, तिच्यावर पाच अष्टमांशाची चढवली, तर जाडी किती? त्यानं मान वरसुद्धा केली नाही. “इंच आणि एक अष्टमांश.” आपल्या सुताराच्या भाषेत एक इंच एक सूत. चार सूत आणि पाच सूत, नऊ सूत. मग स्वतःच वहीकडे बघत राहिला. सहा छेद दहा. टेप काढला, बोटानं मोजलं, आणि म्हणाला, “मी दुसरी शीट चढवली आणि भिंत पातळ झाली?” त्यावर वर्ग जो हसला, त्यात तोही होता. त्या सत्रात मला कुणाला समच्छेद शिकवावा लागला नाही. त्यानंच शिकवला, टेप घेऊन, बाकाबाकांवर जाऊन.

माल्कम नोल्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं गेल्या शतकात हेच मांडून ठेवलंय: मोठी माणसं अनुभव घेऊन वर्गात येतात, आणि ‘हे कशाला?’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. कॉलेज आम्हाला दरवर्षी याची कार्यशाळा देतं, वर सर्टिफिकेट. माझ्याकडे फाइलभर आहेत. पण आता मी नव्या सत्राला पहिला तास हजेरी घेत नाही, कामधंदा विचारत फिरतो. नर्सिंगला जाऊ बघणारी असेल तर औषधाच्या मात्रा, गोदामात काम करणारा असेल तर पॅलेट. जोलिएटकडे गोदामं काय कमी आहेत! तरी गळती थांबलेली नाही. शिफ्ट बदलते, मूल आजारी पडतं, गाडी बंद पडते, आणि बाक रिकामा होतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, कार्यशाळेतही नव्हता.

हे सगळं मी रविवारी पोराला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे चांगलं शिकवतात तुमच्याकडे.” पुन्हा तिथेच!

मग कराडहून आईचा व्हिडिओ कॉल आला. हिनंच लावला असणार, फितूर आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, तुझ्या बापानं सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, विसरलास?”

कसा विसरेन? अप्पा झेडपीत शिपाई. दहावी नाही म्हणून क्लार्क होता येईना. मी प्राथमिक शाळेत असताना त्यांनी तो फॉर्म भरला, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. केंद्रावर गेले तर पर्यवेक्षक म्हणाले, “काका, पालकांनी गेटबाहेर थांबायचं.” अप्पांनी हॉल तिकीट दाखवलं. मार्चला गणित राहिलं. ऑक्टोबरला निघालं. आमच्या गल्लीत कुणी हसलं नाही असं नाही, हसले. पण लिपिकाची ऑर्डर आली तेव्हा पेढे खायला तेच आधी आले. आमच्या घरात गणित आलं ते त्या ऑक्टोबरमुळे. संध्याकाळी अप्पा आणि मी एकाच कंदिलाशी बसायचो. लाइट होती हो, पण जायची.

इथे मला जरा तुमच्यावर घसरायचंय. अध्यक्षांची परवानगी आहे असं समजतो.

आपण गणेशोत्सवात गुणवंतांचा सत्कार करतो. शाल नसली तरी श्रीफळ असतं, तेही इंडियन स्टोअरमधलं. सगळे सत्कारमूर्ती अठराच्या आतले. पंचेचाळिसाव्या वर्षी नर्सिंगचं लायसन्स मिळवलेल्या बाईला कधी स्टेजवर बोलावलंय? आणि आपल्यात अशा बायका आहेत. कोण, ते मी सांगू शकत नाही, १९७४ चा कायदा आहे, विद्यार्थ्याची माहिती बाहेर द्यायची नाही. मी आता मुद्दाम छताकडे बघतो. पण त्यांच्यातल्या एकीनं मला पहिल्याच तासाला गाठून सांगितलं, “सर, मंडळात नका सांगू हं.” चोरी करून आलेल्या माणसासारखी बोलत होती. भारतातली पदवीधर बाई. नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे एच-फोरवर आली. एच-फोरवाल्यांपैकी काहींना कामाची परवानगी मिळायला लागली ती २०१५ पासून, त्याआधी काम करायची सोयच नव्हती. शिकायची मुभा होती. पण तेव्हा पोरं लहान, आणि आपण सगळे म्हणत होतो, आता कशाला?

दुसरं. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, पाटी-दप्तर घेतलेल्या साठीपुढच्या आज्या. तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर किती वेळा आलाय? खाली हात जोडलेले, डोळे पाणावलेले. फुल्यांचं तर विचारूच नका. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. थांबा, टाळ्या नकोत. इथे टाळ्या पडतात हे मला माहीत आहे. माझी तक्रार तीच आहे. दिवसभर राबून रात्री शिकणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वीचा असला, नाहीतर मुरबाडचा असला, की आपल्याला भरून येतं. आपल्या इथला, नेपरव्हिलचा असला की आपण विचारतो, “का हो, जॉब गेला का?”

त्या बायका तरी येतात. आपले पुरुष येत नाहीत. लेऑफचा सीझन आला की मला फोन येतात, रात्री दहानंतर, गॅरेजमधून. “सर, सहज विचारतोय, एका मित्रासाठी. वर्ग ऑनलाइन आहे का? कॅमेरा बंद ठेवता येतो का?” मित्राला सांगा, येतो ठेवता. पण पन्नाशीतला, आयआयटीच्या गोष्टी सांगणारा, घर फेडत आणलेला आपला इंजिनिअर एकोणीस वर्षांच्या पोरीशेजारी बसून ‘मला कळलं नाही’ म्हणू शकेल का, याचं उत्तर मला ठाऊक नाही. आणि येती दहा वर्षं ते बरेचदा म्हणावं लागेल अशी माझी धास्ती आहे. नवीन सॉफ्टवेअर काय काय गिळणार, हे तुमच्याइतकं मला कळत नाही. गणिताचा मास्तर त्यात आहे की नाही, हेही नाही.

डिपॉझिट अजून भरलेलं नाही. हिचं म्हणणं, पोराला ठरवू दे. पोराचं म्हणणं, बाबानं आधी उत्तर द्यावं. आमच्या घरी सध्या पोळ्या वेळेवर होतात, बोलणं कमी होतं.

असो. सूचना तेवढ्या देतो. उन्हाळी सत्र जूनमध्ये सुरू होतंय. संध्याकाळचा वर्ग आहे, पार्किंग फुकट. प्लेसमेंट टेस्टची धास्ती घेऊ नका. ती नापास करायला नसते, तुम्हाला कुठून सुरुवात करायची ते ठरवायला असते. तीस वर्षं अपूर्णांकांना हात लावला नसेल तरी चालेल, आमच्याकडे सगळे तसेच येतात. काही विचारायचं असेल तर मला मेसेज करा. मला, ग्रुपवर नको. तिथे टाकलंत तर आधी पंचवीस लोक अभिनंदन करतील आणि मग तुम्हाला यावंच लागेल. खरं तर तसंच करा.

चला, वाढप्यांनी मघाच खूण केलीये.