विचार करणारा डावा हात

नमस्कार श्रोतेहो.

शिल्पाविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. दाखवायला काही नाही. पण ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांच्याबाबत ही अडचण थोडी कमी होते, कारण शिल्प हातांनीही पाहायचं असतं असं त्या मानत. त्या म्हणायच्या, माझा डावा हात विचार करतो, उजवा नुसता राबतो. उजव्यात हातोडा, डाव्यात छिन्नी. दगड कुठं कठीण, कुठं ठिसूळ, हे छिन्नीच्या हातालाच आधी कळतं. ओळखीत कुणी पाथरवट असेल, तर विचारून पाहा.

हेपवर्थबाईंचा जन्म 1903 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या वेकफील्ड गावचा. वडील सरकारी सर्वेक्षक. कामाच्या फेरीला लेकीला मोटारीत घेऊन जायचे. खिडकीबाहेरच्या टेकड्या, त्यांचे चढउतार त्या पोरीच्या मनात कायमचे बसले. पुढे लीड्सचं कलाविद्यालय, मग लंडनचं रॉयल कॉलेज. दोन्हीकडे सोबत होते पुढे नामवंत शिल्पकार झालेले हेन्री मूर.

त्या काळी बरेच शिल्पकार मातीचा नमुना करून मोकळे होत. संगमरवर कोरायचे दुसरेच कारागीर. बाई इटलीत जाऊन संगमरवर कोरायला शिकल्या आणि थेट दगडाला भिडल्या. 1932 च्या सुमारास त्यांनी अलाबास्टर या मऊ जातीच्या गुलाबी दगडाला आरपार भोक पाडलं. शिल्प म्हणजे भरीव वस्तू, ही समजूत तिथं मोडली. मूर यांच्या दगडांना भोकं पडली ती त्यानंतर, पण नाव मात्र बरीच वर्षं मूर यांचंच होत राहिलं. बाईंचं ते गुलाबी शिल्प दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं, हेही दुर्दैवच.

1934 मध्ये त्यांना तिळं झालं. मुलांचे वडील चित्रकार बेन निकल्सन आणि त्या, दोघांचाही हात तंगच. 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर कुटुंब कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावी आलं. दिवसा बालवाडी आणि भाजीचा मळा, रात्री चित्रं. कोरायला ना सवड, ना सामान. तिथंच 1949 मध्ये त्यांनी ट्रेविन हा स्टुडिओ घेतला.

1953 मध्ये थोरला मुलगा पॉल विमान अपघातात गेला. तो हवाई दलात होता. पुढच्या वर्षी बाई ग्रीसला जाऊन आल्या, आणि पाठोपाठ नायजेरियातून ग्वारिया लाकडाचे अवाढव्य ओंडके येऊन पडले. त्यातल्या एकातून घडलं ‘कोरिंथोस’. बाहेरून तपकिरी, गुळगुळीत. आतली गुहा मात्र पांढरी रंगवलेली. दुःखाशी त्याचा संबंध जोडायचा की नाही, तुम्ही ठरवा. मला तरी ती गुहा पाहून समुद्र आठवतो.

पुढे नाव झालं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड त्यांचे स्नेही होते. तेही 1961 मध्ये विमान अपघातातच गेले. त्यांच्या स्मृतीसाठी घडवलेलं ‘सिंगल फॉर्म’ 1964 पासून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात उभं आहे: 21 फूट उंचीचं ब्राँझ. त्यालाही वरच्या बाजूला एक गोल भोक.

20 मे 1975 च्या रात्री ट्रेविनमध्ये आग लागली आणि बाई गेल्या. वय 72. पुढच्याच वर्षी तिथं संग्रहालय झालं. बागेत त्यांची ब्राँझची शिल्पं अजून उभी आहेत. त्यातलं एक चार मोठाल्या चौकोनी पाट्यांचं आहे, प्रत्येकीला गोल भोक. पाट्यांमध्ये इतकी जागा सोडली आहे की माणूस सरळ आतून चालत पलीकडे जातो.

नमस्कार.