वाघबिळाच्या अलीकडं

(शाहूपुरीतली कुंभार गल्ली. रविवार, सकाळचे सात. पांढरी मारुती 800, बॉनेट वर, फरशीवर गोणपाट पसरलेलं.)

आमच्या गल्लीत रविवारी सगळ्यात आधी ऐकू येतो तो माझ्या गाडीचा सेल्फ. खर्र... खर्र... मग गप्प. मग समोरच्या दारातनं काका विचारतात, “काय, मेबॅक चालू झाली का न्हाई?”

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायचा सोहळा असतो, तेव्हा राजघराण्याची जुनी मेबॅक बाहेर निघते. जर्मन बनावटीची, राजाराम महाराजांच्या काळातली. तिला बघायला लोक टाचा उंचावून उभे राहतात. माझी मारुती 800 आहे, 1998 सालची. तिलाही लोक बघतात, पण बहुतेक वेळा ती ढकलताना.

आबांनी घेतलेली ही गाडी. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. ही मारुती 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत बनायची थांबली. आमची अजून थांबलेली नाही, म्हणजे कायमची थांबलेली नाही. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी, पुढं दर पाच वर्षांनी तेच, शिवाय पर्यावरण कर वेगळा. ते सगळं भरून झालंय. कागदावर गाडी तंदुरुस्त आहे.

(पन्हाळ्याचा रस्ता. गाडीच्या काचेतून दिसणारा ऊस.)

दुखणं एकच होतं, पण वेळेचं पक्कं. शिवाजी पूल ओलांडला, वडणगे फाटा गेला, केर्ली गेली, काही तक्रार नाही. वाघबीळ जवळ आलं की गचके सुरू. दोन-चार वेळा मिसिंग मारायची, पिकअप जायचा, आणि गाडी कडेला. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा, सेल्फ मारायचा. एका सेल्फला चालू! जणू काही झालंच नव्हतं. टपरीवाल्यानं मला बघून न विचारता चहा ओतायला सुरुवात केली, तेव्हा म्हटलं, आता हे स्वतःच बघायचं.

गॅरेजला का नाही दिली? दिली होती. तिथं गाडी एकदाही बंद पडली नाही. फिटरनं गल्लीतनं दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, साहेब, ओके आहे. गल्लीत ओकेच होती हो ती.

(वहीचं पान. निळ्या शाईतल्या ओळी.)

मी पतसंस्थेत हिशेब बघतो. वहीशिवाय आमचं पान हलत नाही. म्हणून गाडीचीही वही घातली. तारीख, काम, रक्कम, शेरा. पहिली नोंद: प्लग, तीन. शेरा: तेच. दुसरी: इग्निशन कॉईल. तापली की दगा देते असं वाचलं होतं आणि ते खरंही आहे, कॉईल तशी जाते. शेरा: तेच. तिसरी: पेट्रोलचा पंप. या गाडीत तो इंजिनलाच बसवलेला असतो, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालतो. नवा बसवला. शेरा: तेच.

मग कुणीतरी सांगितलं, उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं टाक. मी टाकलं. गाडी चालू झाली! दोन महिने मी डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन फिरलो. भेटेल त्याला हा उपाय सांगायचो. एका मित्राच्या गाडीवरही टाकून आलो. गाडी बंद पडली की फडकं भिजवायचं, टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, सेल्फ मारायचा. एकदा बाटली घरी राहिली. नुसता दहा मिनिटं बसलो. तरी चालू झाली. त्या दिवशी फडक्याचं खरं काम काय ते कळलं. ते मला दहा मिनिटं कामात ठेवत होतं, एवढंच.

(कार्ब्युरेटर जवळून. पितळी जेट बोटांच्या चिमटीत.)

चौथी नोंद मला वाचून दाखवायची नव्हती, पण भाची शूटिंग करतेय आणि ती म्हणते, दाखव.

कार्ब्युरेटर खोलला. घरी, स्वयंपाकघरातल्या परातीत. परातीचं पुढं काय झालं ते विचारू नका. खोलताना त्यातनं एक स्टीलची गोळी पडली, मोहरीपेक्षा थोडी मोठी, आणि फरशीच्या फटीत गेली. लोहचुंबक दोऱ्याला बांधून आम्ही घरभर फिरवला. टाचण्या सापडल्या, आईची हरवलेली सुई सापडली. गोळी तिसऱ्या दिवशी केरसुणीत. त्यातल्या त्यात हे बरं झालं. वाईट ते पुढंच. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पितळी तुकडा. त्याच्या भोकात घाण दिसली, म्हणून मी स्टेपलरची पिन सरळ करून आत घातली.

जेटमध्ये तार कधी घालू नये. ते भोक मोजून पाडलेलं असतं आणि पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं. जेट द्रावणात बुडवून ठेवायचं आणि हवा मारायची, बस्स. मला हे काळा धूर निघाल्यावर कळलं. आता गाडीला दोन आजार होते: एक तिचा स्वतःचा आणि एक मी दिलेला. नवीन जेट आणलं, तेव्हा पहिला आजार तेवढा शिल्लक राहिला. त्या आठवड्यात मला केवढा आनंद झाला होता!

(शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज. लोखंडाच्या कीसाचे ढीग.)

कोल्हापूरच्या माणसाला लोखंडाचं काही अडलं की पाय आपोआप उद्यमनगरात जातात. शेतीपंपांची इंजिनं, ओतकाम, लेथ, वर्षानुवर्षं हेच. तिथं एक म्हातारे मिस्त्री आहेत. नाव सांगू नको म्हणाले, गिऱ्हाईक वाढलेलं आता झेपत नाही. मी वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“काय काय बदललंस?”

मी सांगितलं.

“आनि गाडी बंद पडल्यावर पेट्रोल येतंय का न्हाई, ते बघितलंस?”

“नाही मामा.”

“मग येवडं पैसं कशापायी घातलंस? आदी पेट्रोल हाय का बघ की.”

मला राग आला. खरं सांगतो, घरी येईपर्यंत आला. पण चार नोंदी झाल्या होत्या आणि चारही वेळा मी अंदाजानं पार्ट बदलला होता. ज्या क्षणी गाडी बंद पडते, त्या क्षणी तिच्या आत काय चाललंय हे मी एकदाही बघितलं नव्हतं. बॉनेट उघडायचो ते वाफ बघायला आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना कळावं म्हणून.

मामांनी परीक्षा सांगितली ती सायकलच्या पंपाची. गाडी बंद पडली की थांबायचं नाही. पंपाकडं येणारी पेट्रोलची नळी काढायची, सायकलचा हवेचा पंप लावायचा आणि उलटी हवा मारायची, टाकीकडं. दुसऱ्या माणसानं टाकीचं तोंड उघडून कान लावायचा. काडी-सिगारेट लांब, इंजिन बंद, हातात फडकं.

वाघबिळाच्या अलीकडं, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी बंद पडली. आबांनी टाकीला कान लावला. पहिल्या दोन दाबांना हवा जाईना, दांडा हाताला परत ढकलत होता. तिसऱ्याला एकदम सैल. आबा ओरडले, “बुडबुडं आलं!” नळी लावली, सेल्फ मारला. चालू. दहा मिनिटं नाही, चहा नाही.

म्हणजे कॉईल नाही, पंप नाही, उष्णता नाही. टाकीच्या तळाशी गाळ होता. गाडी पळायला लागली की तो पेट्रोलबरोबर ओढला जाऊन टाकीतल्या नळीच्या तोंडावरच्या जाळीवर बसायचा, वीसेक मिनिटांत जाळी बुजायची. गाडी थांबली की ओढ संपायची आणि गाळ सुटून खाली बसायचा. चहा प्यायला वेळ लागायचा तो त्यालाच.

(टाकी उतरवताना. गाडी स्टँडवर, कडेला स्टेपनी.)

टाकी मागं खालच्या बाजूला असते. इथं एक थांबून सांगतो. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. आमच्या बोळाला उतार आहे, जॅक सरकला. मी स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सारली होती, गाडी तिच्यावर बसली. मी बाहेर होतो, पण चष्मा आत होता. चष्म्याचं काय झालं ते बघून आईनं दोन दिवस पाना हातात धरू दिला नाही. आता स्टँड घेतलेत.

टाकीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. दोन सुटले, एकाचं डोकं पान्यात गोल झालं, एक तुटून आतच राहिला. घाईनं काढायला गेलं की बोल्ट सूड उगवतो. गंजावरचं तेल आदल्या रात्री मारून ठेवायचं, सकाळी थोडा सैल, थोडा परत आवळ, परत सैल. हे मला तिसऱ्या बोल्टनंतर समजलं. तुटलेला उद्यमनगरातच ड्रिल करून काढला, आटे नव्यानं पाडले. मामांनी टाकीकडं बघून एवढंच बजावलं, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट. आत वाफ असते. तिच्याजवळ वेल्डिंग नको, ग्राइंडर नको.

मूठभर जुने नट आत टाकले, थोडं डिझेल ओतलं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून पाळण्यासारखी हलवली. मग परातीत उपडी केली. हो, तीच परात.

(परात. तांबडा गंज. त्याखाली काळा, मऊ थर.)

तांबडा आहे तो गंज. त्याच्याखालचा काळा बघा. बोटावर घेतला तर पिठासारखा लागतो. आबांनी वास घेतला आणि म्हणाले, “नदीचा हाय.”

2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्यातनं ते आमच्या गल्लीत आलं, मूर्तींचे कारखाने गेले, गाडी छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही ती टोचन करून गॅरेजला नेली. किल्ली फिरवली नाही, एवढं शहाणपण कुणीतरी शिकवलं होतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही, दांडा वाकतो. गॅरेजच्या बिलात ‘टाकी धुतली’ अशी ओळ होती. बिल अजून फाईलला आहे. धुतली नव्हती, किंवा वरवर धुतली होती. राग येतो, पण त्या महिन्यात त्यांच्या दारातली रांगही मी बघितली होती. प्रत्येक गाडीत चिखल आणि फिटर दोन.

मग इतकी वर्षं गाळ गप्प का होता? मामांचं म्हणणं, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, ते टाकीत बसलेलं सगळं सोडवून आणतं. “उसाची दारू हाय ती. टाकी धुऊन काढती.” इथेनॉल जुनी चिकट घाण विरघळवतं, पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, हे खरं आहे. वीस टक्के मिश्रणाचा विचार करून गाड्या बनायला लागल्या त्या 2023 पासून, माझी त्याच्या पंचवीस वर्षं आधीची. म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. माझ्या सख्ख्या मामाचा ऊस कागलकडं कारखान्याला जातो. त्याला म्हटलं, तुझ्या उसानं माझी गाडी बंद पाडली. तो म्हणाला, आधी बिल मिळू दे, मग बघू.

(पुन्हा पन्हाळ्याचा रस्ता. संध्याकाळ.)

टाकी बसवली, फुल केली. तीन आठवडे गाडी पळाली. वाघबीळ, पन्हाळा, परत. वहीत ‘शेरा: चालू’ असं लाल शाईनं लिहिलं. वर काटाही उतरेना. मी सगळ्यांना सांगत सुटलो की टाकी साफ केल्यावर ॲव्हरेजसुद्धा वाढलंय.

परवा आबांना घेऊन निघालो. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली. वाघबिळाच्या अलीकडं गचके. मिसिंग. शांत.

मी काही न बोलता उतरलो. नळी काढली, सायकलचा पंप लावला, दाबला. हवा सरळ गेली. आबांनी टाकीला कान लावला, बराच वेळ लावला.

“बुडबुडं?”

“न्हाईत.”

“एकपण नाही?”

आबांनी डॅशबोर्डकडं बघितलं. काटा फुलवर. टाकी बसवताना काटा हलवणाऱ्या तरंगीचा दांडा मी कुठंतरी अडकवून ठेवला होता, तो तीन आठवडे तिथंच होता.

“आदी पेट्रोल हाय का बघ की,” आबा म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

(वहीचं शेवटचं पान.)

तारीख. पेट्रोल, एका मोटरसायकलवाल्याकडून, एक लिटर. त्यानं पैसे घेतले नाहीत. शेरा: चालू. त्याखाली पेन्सिलनं: टाकी परत उतरवायची आहे.