धाटाची गाडी, मातीचे बैल

(दृश्य : औसा तालुक्यातील एक शिवार. उपटून आडवी टाकलेली ज्वारी, पेंढ्या बांधणारी माणसे.)

मराठवाड्यात रब्बीची ज्वारी काढणीला येते ती माघ-फाल्गुनात. ताटे मुळासकट उपटायची, उन्हात वाळू द्यायची, कणसे मोडून खळ्यावर न्यायची आणि उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधायच्या, असा या कामाचा क्रम आहे. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा होतो आणि कडब्याचा सौदा शेकडा पेंढ्यांवर ठरतो. कणीस माणसांचे आणि कडबा जनावरांचा, ही वाटणी सर्वांना ठाऊक आहे; तिसऱ्या वाटेकऱ्याची नोंद मात्र कोणत्याही पीकपाहणीत सापडणार नाही. गंजीतून दोन-चार सरळ, जाड धाटे उपसून धूम ठोकणारी पोरे हा तो तिसरा वाटेकरी. आज साठी ओलांडलेल्या इथल्या कितीतरी माणसांचे पहिले खेळणे या गंजीतून निघालेले आहे.

(दृश्य : लिंबाच्या सावलीत बसलेले आजोबा. हातात विळा, शेजारी नातू.)

धाट निवडणे हे या कारागिरीतील निम्मे काम आहे. बुडखा फार टणक असतो आणि शेंडा बारीक, त्यामुळे मधले कांडे घ्यावे लागते आणि त्यातही पेरांमधील अंतर जितके जास्त तितके ते सोयीचे पडते. खोडकिड्याने पोखरलेल्या धाटाचा गाभा आतून लालसर आणि भुसभुशीत निघतो. त्यात काडी रोवली तरी ती ठरत नाही. आजोबा धाट कानाशी धरून बोटाने टिचकी मारतात आणि काही न बोलता ते बाजूला टाकतात. तिसरे धाट त्यांना पसंत पडते.

आता साल काढायची. विळ्याच्या टोकाने एका पेराशी चीर देऊन साल उचलायची आणि दुसऱ्या पेरापर्यंत एका ओढीत सोलत न्यायची असते. मध्ये हात थांबला की ती तुटते. पूर्वी हे काम पोरे दातांनी करत आणि ओठाचा कोपरा हमखास कापून घेत, कारण वाळलेल्या सालीची कड पात्यासारखी धारदार असते. नातवाची साल पुन्हा तुटते, तेव्हा आजोबा म्हणतात, "घाई कशाला करलालास? साल तुटतंय की." साल निघाल्यावर हाती येतो तो पांढरा, हलका गाभा. एका धाटातून अशा रीतीने दोन प्रकारचे साहित्य मिळते : वाकणारी चिवट साल आणि टोचले की आत घेणारा मऊ गाभा. खिळा, डिंक किंवा दोरा यांपैकी काहीही न लागता संपूर्ण बैलगाडी उभी राहते ती या जोडीमुळे.

बैलाचे धड म्हणजे बोटभर लांबीचा गाभ्याचा तुकडा. त्याला सालीच्या चार काड्यांचे पाय, पुढे तिरपा खोचलेला लहान तुकडा म्हणजे मान, आणि त्यावर वाकवलेली एक बारीक काडी म्हणजे शिंगे. चाकासाठी साल थोडी ओली करून गोल वळवायची, टोके गाभ्याच्या लहानशा तुकड्यात अडकवायची आणि मधल्या तुंब्यापासून धावेपर्यंत आरे बसवायचे. आस, साटा म्हणजे गाडीची बैठक, दांडी, जू आणि बैलाची मान जुवात धरून ठेवणाऱ्या काड्या, म्हणजे शिवळासुद्धा एकामागून एक तयार होतात. आजोबा शिवळ बसवताना थांबतात आणि ती पुन्हा काढून अर्ध्या बोटाच्या अंतराने सरकवतात, कारण शिवळ चुकीच्या जागी असेल तर बैलाच्या मानेला जू लागते. बैल गाभ्याचा आहे, हे त्यांच्या हाताला मान्य नाही.

हे पाहताना एक गोष्ट लक्षात येते, ती आम्हाला येथे आवर्जून नोंदवावीशी वाटते. दुकानातील खेळणे मुलाच्या हाती येते तेव्हा ते पूर्ण झालेले असते आणि त्यापुढे मुलाने करण्यासारखे उरते ते फक्त चालवणे किंवा मोडणे. धाटाच्या गाडीत खेळण्याचा मोठा भाग गाडी तयार होईपर्यंतच खेळून झालेला असे. चाक डगमगले तर आस मध्यावर नाही, गाडी पुढे कलली तर दांडी जड झाली, हे निदान आठ-नऊ वर्षांचे पोर स्वतः करत होते आणि दुरुस्तीही त्याचीच असे. शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभव नावाचा जो तास असतो, त्यात पुष्कळदा जे घडत नाही ते इथे गंजीच्या सावलीत घडत होते.

(दृश्य : ओढ्याकाठी माती मळणारी मुले. मातीचे बैल.)

पावसाळ्यात धाटांना ओल धरते, ती काळी पडतात आणि हा उद्योग बंद होतो. मग माती. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून तडकते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याच गुणामुळे, आणि काळ्या मातीचा बैल दुसऱ्या दिवशी पोटात उकलतो तोही याच गुणामुळे. त्यावर मुलांनी काढलेले तोडगे कुंभारकामाशी जुळणारे आहेत. ओढ्याच्या वळणावरचा बारीक गाळ घ्यायचा, त्यातील खडे वेचायचे, थोडी राख किंवा सुकलेले शेण चुरून मिसळायचे आणि बैल सावलीत वाळवायचा. या चित्रणातील मुलीने वशिंड वेगळे करून चिकटवले नाही, तर पाठीची माती चिमटीत धरून वर ओढून घेतली. वेगळे लावलेले वशिंड वाळताना सुटते, असे ती सांगते. डोळ्यांच्या जागी तिने ज्वारीचे दाणे दाबले आहेत.

श्रावण अमावास्येला, म्हणजे पोळ्याला, या बैलांचा मान मोठा. आदल्या दिवशी खऱ्या बैलांची खांदेमळण होते, हळद आणि तूप लावून त्यांचे खांदे चोळले जातात. ज्यांच्या दावणीला जनावर नाही त्यांच्या घरी पाटावर मातीची जोडी मांडून तिलाच पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. पूजा आटोपली की दुसऱ्या दिवशी हेच देव पोरांच्या हाती येतात आणि अंगणात नांगरणी सुरू होते.

(दृश्य : तेर. तेरणा नदी, गोरोबाकाकांचे समाधिमंदिर, संग्रहालयातील मृण्मूर्ती.)

मातीचे रूप घडवण्याची या भागाची परंपरा किती जुनी आहे, हे पाहायचे तर धाराशिव जिल्ह्यातील तेरला यावे लागते. हे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर या बाजारपेठेचा उल्लेख आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि परिसरात सापडलेल्या वस्तू जमवल्या, त्यातून इथले संग्रहालय उभे राहिले. सातवाहन काळातील भाजक्या मातीच्या आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती येथे आहेत. यांतील अनेक मूर्ती पुढचा आणि मागचा भाग दोन साच्यांत काढून जोडलेल्या असल्याने आतून पोकळ आहेत, त्यामुळे त्या भाजताना फुटत नाहीत. संत गोरोबा कुंभारांचे गावही हेच. विठ्ठलनामात दंग होऊन माती तुडवताना पोटचे लेकरू पायाखाली आले, ही त्यांची कथा मराठवाड्यातील प्रत्येक मूल आजीच्या तोंडून ऐकते, आणि ऐकून पुन्हा माती तुडवायला जाते.

(दृश्य : ओसरीवर दोन वृद्ध महिला. चिंध्यांची बाहुली, गजगे.)

मुलींच्या वाट्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली आणि गजगे येत. काटेरी वेलीच्या शेंगेतून निघणारे हे राखाडी, गुळगुळीत बी दगडावर घासून शेजारणीच्या दंडाला टेकवले की सणकून चटका बसतो. या दोन्ही आजी आजही तो एकमेकींना देतात, हे कॅमेऱ्यात आपोआप आले आहे.

(दृश्य : माळेगावची यात्रा. घोडे, खेळण्यांची दुकाने.)

विकतची खेळणी वर्षातून एकदा, यात्रेत मिळत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तेथील घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. पिपाणी, भिंगरी आणि फुगे तेव्हाही होते; आज त्यांच्या शेजारी प्लास्टिकची बंदूक आणि बॅटरीवरची मोटार आहे. देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून मानक चिन्ह बंधनकारक झाले आहे, आणि ते योग्यच आहे. धाटाची गाडी कधी विकलीच गेली नाही, त्यामुळे तिला कोणी तपासले नाही आणि कोणी मोजलेही नाही.

दरम्यान सोयाबीन आले, ज्वारीचे क्षेत्र घटले, ट्रॅक्टर आले आणि गोठे रिकामे झाले. सोयाबीनच्या भुसकटातून काहीच करता येत नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष होते, तेव्हा भाकरीचे गुण पुष्कळ गायले गेले. धाटाची आठवण कोणाला झाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

(दृश्य : पुन्हा लिंबाखाली. तयार बैलगाडी.)

गाडी पूर्ण झाली आहे. नातू ती उचलतो, उलटसुलट पाहतो आणि म्हणतो, "आबा, आता ट्रॅक्टर करा." त्याच्या घरी बैल नाहीत, त्याने नांगरणी पाहिली ती ट्रॅक्टरचीच. आबा थोडा वेळ कुरकुरतात. मग अडचण निघते ती मागच्या मोठ्या चाकाची, कारण एका कांड्याची साल तेवढ्या घेराला पुरत नाही. शेवटी दोन साली एकमेकींत गुंतवून कडे तयार होते. पुढची चाके लहान, नांगराचा फाळ सालीचा, बसायची जागा गाभ्याची. ट्रॉली जोडण्यासाठी आबा मागच्या बाजूला भोक पाडू लागतात, तेव्हा नातू त्यांचा हात धरून सांगतो की हुक तिथे नसतो, अजून खाली असतो.