बटव्यातले सात रुपये

नमस्कार श्रोतेहो. परवा गिरगावातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी जुना बटवा माझ्यापुढे रिकामा केला. चांदीचे सात रुपये, लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायचे ते. "झवेरी बाजारात मोडून येऊ का रे?" काकूंनी विचारलं. म्हटलं, "काकू, आधी एकेक बघू. आणि कृपा करून घासू नका."

हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या आईने एक राणीछाप रुपया चिंच नि राख लावून लख्ख केला होता. राणीच्या केसांच्या बटा, झग्यावरची नक्षी, सगळं गुळगुळीत झालं. चांदी जवळपास तेवढीच राहिली, पण संग्राहकाने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि मुकाट्याने परत दिला. जुन्या चांदीवरचा काळसर थर त्याला हवा असतो. कडी डाखवून गळ्यात घातलेल्या रुपयाचंही तसंच, तो बहुतेक वेळा चांदीच्याच भावात जातो.

तो भाव घरीच काढता येतो. ब्रिटिश अमदानीतला बंदा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. 1939 पर्यंतच्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी, शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. चांदीचा किलोचा भाव हजाराने भागायचा आणि 10.69 ने गुणायचा. झिजलेला असेल तर वजन करूनच हिशेब धरा. 1940 पासून मात्र चांदी रुपयाच्या वजनाच्या निम्म्यावर आली, म्हणजे 5.83 ग्रॅम. 1947 चा वाघाचा रुपया तर निकेलचा. तेव्हा राजाचा चेहरा नंतर, साल आधी वाचा.

साल वाचतानाही सांभाळून. 1862 हे साल घातलेले रुपये पुढे 1874 पर्यंत पाडले जात होते. 1939 चा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून 1938 चा आकडा कोरून 1939 केलेलेही फिरतात. शेवटचा आकडा भिंगाखाली बघा. पंचम जॉर्जच्या रुपयावर खालच्या कमळाशी बारीक टिंब असेल, तर तो आपल्या फोर्टातल्या टांकसाळीतला.

अस्सल नाणी डोळ्यांत भरून घ्यायची असतील, तर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे. विकायचंच झालं तर दोन-तीन ठिकाणी दाखवा, पहिल्याच दुकानात हो म्हणू नका.

काकूंचे सहा रुपये 1917 ते 1919 मधले निघाले. ते मुबलक मिळतात, चांदीच्या भावाहून थोडे वर जातात. सातवा 1911 चा. त्या साली राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि 1912 पासून हत्तीची सोंड नीट काढली. आधीचे बरेच रुपये सरकारने वितळवले.

भिंगातून तो हत्ती काकूंनी तीनदा पाहिला. मग सहा रुपये बटव्यात टाकले, आणि सातवा मऊ सुती रुमालात वेगळा गुंडाळला.